शंभर खुर्च्या घेऊन वडूजच्या लग्नाला

पुण्याहून वडूजला जायला एसटी आहे. सकाळी चहा घेऊन बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस वडूजात असतो. आम्ही त्याच वडूजला चौथ्या दिवशी पोचलो आणि वाटेत निम्मा सांगली जिल्हा लागला. परत आल्यावर ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्या सगळ्यांनी विचारलं की वाट चुकलात का. वाट अजिबात चुकली नव्हती. आमच्याबरोबर शास्त्र होतं.

शास्त्र माझ्या मेहुण्याचं. चंद्रकांत त्याचं नाव, घरात चंद्रू, बायकोचा धाकटा भाऊ. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर, आत्ता कुणीतरी आपल्याला प्रश्न विचारणार आणि उत्तर आपल्याला येणार, असा भाव. त्या वर्षांत जो तो नोकरी सोडून कसली ना कसली एजन्सी घेत होता. आमच्या गल्लीत एकानं एसटीडी बूथ टाकला, दुसऱ्यानं गच्चीवर केबलची छत्री लावली. चंद्रूनं भोसरीतली स्टोअरकीपरची चांगली नोकरी सोडली आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं वितरण करायचं ठरवलं. त्याची तयारी म्हणून त्यानं टपालाने एक अभ्यासक्रमही पुरा केला होता. त्या विद्येला लॉजिस्टिक्स म्हणतात, हे मला त्याच्यामुळे कळलं, आणि नंतर ते विसरायची संधी त्यानं मला कधी दिली नाही.

"भाऊजी, माल बनवणं सोपं आहे," तो सांगायचा. "योग्य माल, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य स्थितीत पोचवणं, ही खरी विद्या."

मी एकदा त्याला विचारलं की तुझ्या ताईच्या गळ्यात मी पडलो, त्यात यातलं काय काय जमलं होतं. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "वेळ बरोबर होती."

खुर्च्या बनवणाऱ्या शेठजींनी मात्र चंद्रूला एजन्सी लगेच दिली नव्हती. आधी एक फेरी करून दाखवा, म्हणाले. साताऱ्यात, इस्लामपुरात आणि तासगावात एकेका दुकानदारानं थोडा थोडा माल मागवला होता, पण शेठजींचा जीव अडकला होता वडूजात. तिथल्या कमलआक्का मांडव घालायचा धंदा करत. त्या भागात लग्न म्हटलं की जमखाना आणि सतरंज्या. आक्कांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी शंभर खुर्च्या मागवल्या होत्या आणि मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं की तुमचा एकही माणूस जमिनीवर बसणार नाही. ते लग्न बघायला आसपासचे सगळे मांडववाले येणार होते. शेठजींचं म्हणणं सरळ होतं. वडूजचं वऱ्हाड खुर्च्यांवर बसलं तर सातारा-सांगली दोन्ही जिल्हे तुमचे. जमिनीवर बसलं तर तुम्ही पुन्हा नोकरी शोधा.

आणि चंद्रूनं नोकरी तर आधीच सोडलेली.

मी बँकेत आहे आणि हौशी नाटकांतून राजा, सावकार आणि प्रेत अशा भूमिका करतो. रजा शिल्लक होती. बायको म्हणाली, तुम्ही जा त्याच्याबरोबर, त्याला माणसांशी बोलता येत नाही. मला तेवढंच काय ते येतं.

टेम्पोचा मालक आणि ड्रायव्हर एकच होता, मिलिंद कांबळे, कराडजवळचा. पुढच्या काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम, आरशाला लिंबू नाही न मिरची नाही, फक्त एक छोटा कंगवा टांगलेला. पूर्वी तो कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर होता, त्यामुळे माल बांधायची त्याची पद्धत उसाची होती. दोर टाकायचा, एक पाय हौद्याच्या फळीला लावायचा आणि माल कण्हेपर्यंत ओढायचं. "हललेला माल म्हंजे गेलेला माल," असं तो म्हणे. दर मुक्कामी सकाळी उठून तो तोंड धुवायच्या आधी दोर आवळत असे.

भरताना चंद्रूचं शास्त्र सुरू झालं. जे शेवटी उतरवायचं ते आधी चढवायचं. वडूज शेवटी, म्हणून वडूजच्या खुर्च्या सगळ्यांत आत, केबिनला टेकून, दहा-दहाच्या थप्प्यांत. मला हे फारच हुशारीचं वाटलं. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सातारा

साताऱ्यात आमचे पहिले दुकानदार निकम. पोवई नाक्याच्या बाजूला त्यांचं पलंग-कपाटांचं दुकान, सगळा माल सागवानी आणि जड. निकमांनी आमची खुर्ची एका बोटानं उचलली आणि त्यांचं तोंड पडलं. ज्या वस्तूला वजन नाही तिला किंमत कशी लावायची, हा त्यांचा प्रश्न होता. चंद्रूनं समजावलं की वजन नाही म्हणून तर वाहतूक स्वस्त. निकमांनी उत्तरादाखल दुकानातल्या सगळ्यांत जाड माणसाला हाक मारली आणि खुर्चीवर उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. मग उडी मार म्हणाले. त्यानं मारली. चंद्रूनं डोळे मिटून घेतले. खुर्चीचे पाय जरा फाकले, परत जवळ आले आणि काही झालंच नाही असे उभे राहिले. निकम त्या खुर्चीवर बसले ते आम्ही निघेपर्यंत उठले नाहीत. कंदी पेढे त्यांनी तिथूनच मागवले, गिऱ्हाइकाला कपाट दाखवलं तेही तिथूनच, हात लांब करून.

पुढे कुठे, असं त्यांनी विचारलं. वडूज, मी म्हणालो. मग पुसेगाववरून जावा, दोन तासांत पोचाल, म्हणाले. चंद्रूनं खिशातलं पेन काढलं आणि टेबलावरच्या पेढ्यांच्या पुडक्यावर मार्ग काढून दाखवला. सातारा, इस्लामपूर, तासगाव, विटा, वडूज आणि परत. गोल मार्ग. एकही रस्ता दोनदा नाही, गाडी कधी रिकामी नाही.

निकमांनी पुडक्याकडे बघितलं, मग डावा हात डोक्यामागून नेऊन उजवा कान पकडला आणि तसेच बसून राहिले. "म्हंजे असं?" त्यांनी विचारलं.

मिलिंद इतका हसला की त्याला ठसका लागला. निकमांकडच्या सगळ्यांनी, मी चंद्रूच्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर, मला दाजी म्हणायला सुरुवात केली. मिलिंदनं ते उचललं. नाव साताऱ्याहून जे आमच्या टेम्पोत बसलं ते शेवटपर्यंत उतरलं नाही. वडूजात तर मला माझ्या वडिलांच्या वयाची माणसं दाजी म्हणत होती.

इस्लामपूर

पुण्यात पत्ता विचारला तर लोक सांगतात, बहुतेक वेळा बरोबर सांगतात, आणि आपल्या कामाला लागतात. इस्लामपुरात पत्ता विचारला तर माणूस टेम्पोत चढतो. आम्ही खतवाले पाटील कुठे, असं पानपट्टीवर विचारलं. तिथला एक धोतरवाला आजोबा काही न बोलता केबिनमध्ये माझ्या मांडीवर अर्धा बसला आणि बोटानं दाखवत राहिला. वाटेत त्याला दुसरा ओळखीचा भेटला, तो मागे चढला. पाटलांच्या दुकानाशी पोचलो तेव्हा मागे, खुर्च्यांच्या वर, पाच जण होते आणि त्यातल्या एकाजवळ शेळी होती. कुणालाच तिकडे काम नव्हतं. पाव्हणं चुकतील म्हणून आले होते.

पाटील खत, पाइप आणि पंप विकत. त्यांनी आमच्या खुर्च्या दुकानापुढच्या कडुलिंबाखाली मांडल्या. नमुना म्हणून. तासाभरात एकही नमुना रिकामा नव्हता. ऊसवाले शेतकरी येत, बसत, मागे रेलून पाय पसरत आणि कारखान्याच्या गप्पांना लागत. विकत घ्यायचं नाव कुणी काढेना. चंद्रू अस्वस्थ झाला. पाटील शांत होते. म्हणाले, एवढ्या वर्षांत माझ्या दारात खत बघायला कुणी बसलेलं नाही, आता बसलेत तर जाताना एखादं पोतं नेतीलच. आणि खरोखर लोक पोती नेत होते. एका चहाच्या बदल्यात पाटलांनी स्वतःच्या दुकानाची जाहिरात उभी केली होती आणि तिला पाय आमचे होते.

चहाबद्दल सांगायलाच हवं. या वाळवा तालुक्यात साखर म्हणजे अंगणातली वस्तू. पहिल्या घोटाला माझे दोन्ही गाल आतून चिकटले. मी पुणेरी सवयीनं साखर कमी चालेल म्हणालो, तेव्हा पाटलीणबाईंनी मला कुठला आजार आहे याची आपुलकीनं चौकशी केली आणि मग, आजारी माणसाला ताकद यावी म्हणून, दुसरा कप दिला.

तासगाव

तासगावात आम्ही उतरलो आणि हवा बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाच्या बागा. हंगाम सरत आलेला, आणि बेदाणा वाळवायच्या लांबलचक शेडा, त्यांत मजल्यावर मजले जाळ्या, जाळ्यांवर हिरवट सोनेरी बेदाणा. वाऱ्याला गंधकाचा हलका उग्र वास आणि त्याखाली गोड वास. मी एका शेडेच्या दारात उभं राहून नुसता श्वास घेतला तर मला जेवल्यासारखं वाटलं.

इथले आमचे दुकानदार चौगुले, जैन, बोलणं सावकाश, हिशेब झटपट. स्वतःच्या बागा, बेदाण्याचा व्यापार आणि शेजारी भावाचं भांड्यांचं दुकान, त्यात आता खुर्च्या. दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे जेवणं होतात, त्यामुळे आम्हाला आयुष्यात प्रथमच उजेडात रात्रीचं जेवण मिळालं. गरम ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, तुपाची धार, आणि शेवटी वाटीभर बेदाणा. मिलिंदनं ती वाटी तीनदा संपवली आणि चौगुलेवहिनींनी तीनदा भरली.

मग चौगुल्यांनी विषय काढला. त्यांच्या विट्याच्या साडूकडे बेदाण्याच्या पेट्या पाठवायच्या होत्या. तुमचा टेम्पो तिकडून चाललाच आहे, मागं जागा दिसते.

चंद्रूच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. रिकामी जागा म्हणजे नुकसान, हे त्याच्या अभ्यासक्रमाचं एक अख्खं प्रकरण होतं. आता ती जागा आपण होऊन भरत होती. पेट्या कुठे ठेवायच्या याचाही त्यानं तिथल्या तिथे शोध लावला. खाली ठेवल्या तर गाडीच्या हादऱ्यानं बेदाणा चेपेल. खुर्चीचं बसायचं ते सपाटच असतं. प्रत्येक थप्पीच्या वरच्या खुर्चीवर पेट्या ठेवायच्या, म्हणजे पेट्या बसून प्रवास करतील.

मी परत टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या फार स्वस्त आहेत.

पेट्या बसल्या, एकीवर एक. मिलिंदनं वरून दोर टाकला, पाय लावला आणि ओढलं. सगळा माल असा कण्हला की चौगुल्यांचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तासगाव ते विटा त्या उन्हात, त्या रस्त्यानं, प्रत्येक खड्ड्याला पेट्या एकदा वर आणि एकदा खाली करत गेलो. विट्याला साडूंनी पेट्या उतरवून घेतल्या, एकही चेपली नव्हती. चंद्रू रात्रभर त्याच आनंदात झोपला.

वडूज

खटाव तालुका लागला की हिरवं संपतं. माळ, दगड, मधूनच एखादी विहीर आणि लांबवर दिसणारा माणूस, तो जवळ येईपर्यंत आपण त्याच्याबद्दल तीन वेगवेगळे अंदाज बांधतो. लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही वडूजात शिरलो. आक्कांचं घर विचारावं लागलं नाही, कारण गावाच्या त्या टोकाला मांडव असा उभा होता की जणू एक जास्तीचं गावच. झालर, लाल-पिवळी कनात, खांबांना केळीचे खुंट, आणि आत झाडून-शिंपडून ठेवलेली मोकळी जमीन. बाजूला पाहुण्या मंडपवाल्यांचा घोळका, हाताची घडी घालून. आक्का त्यांच्याकडे बघून पदर खोचत होत्या. आक्का म्हणजे उंच्यापुऱ्या, आवाज लाऊडस्पीकरला उगाच वीज खर्च झाली असं वाटायला लावणारा. त्यांचे यजमान अण्णा कोपऱ्यात बसून सुतळीच्या गाठी मारत होते. अण्णा दिवसभर कुणाशी काही बोलले नाहीत, पण जिथे गाठ हवी तिथे ते आधीच असत.

"आला व्हय? लय जीव टांगला होता," आक्का म्हणाल्या. "वऱ्हाड शाळेत उतरलंय. मांडा भराभर."

मिलिंदनं दोर सोडला. आम्ही पहिली थप्पी खाली घेतली. मी वरची खुर्ची उचलली आणि तिच्याबरोबर उरलेल्या नऊ आल्या.

मी खाली ठेवून परत उचललं. परत दहा. चंद्रूनं खालची दाबून धरली, मी वरची ओढली, आणि आम्ही दोघंही थप्पीसकट गोल फिरलो. दुसरी थप्पी तशीच. तिसरीही. चौगुल्यांच्या पेट्या उन्हात बसून बसून तापलेल्या प्लॅस्टिकला खाली खाली ढकलत आल्या होत्या, वरून मिलिंदचा उसाचा दोर, आणि रात्रीच्या गारव्यात सगळं आवळून एकजीव झालेलं. आमच्याकडे शंभर खुर्च्या नव्हत्या. दहा खांब होते.

चंद्रू थप्पीला हात लावून उभा राहिला. "योग्य माल," तो हळूच म्हणाला. "योग्य जागी. योग्य वेळी." आणि पुढचं त्याला म्हणवेना.

मग उपाय सुरू झाले. आचाऱ्यानं गोडं तेल दिलं, ते फटीत सोडलं, त्यानं खुर्च्या तशाच राहिल्या आणि हात निसटू लागले. कुणी थंड पाणी ओता म्हणालं, कुणी गरम. दोन्ही ओतलं. मिलिंद एका थप्पीवर बुक्क्या मारत होता आणि स्वतःच्या दोराला शिव्या देत होता. मंडपवाल्यांच्या घोळक्यातून एकानं मोठ्यानं विचारलं की आक्का, सतरंज्या पाठवू का. आक्कांच्या नाकपुड्या फुलल्या.

तेवढ्यात शाळेकडून नवरदेवाचे काका आणि त्यांच्याबरोबर सात-आठ जण आले. खुर्च्यांची एवढी कीर्ती ऐकली होती म्हणून आधीच बघायला. सगळे माण तालुक्यातल्या एका वाडीवरचे, उन्हानं रापलेले, फेट्याला तुरे. त्यांनी दहा खांबांकडे नीट बघून घेतलं.

"वयनी," काका म्हणाले, "बसायची व्यवस्था लय उंचावर क्येली. शिडी कुठं हाय?"

सगळे हसले. मुलीकडचे चार जण पुढे सरकले. मानपानाचा विषय असला की इकडे हसण्यापासून भांडणापर्यंतचं अंतर फार कमी असतं, आणि मला त्या क्षणी लग्न मोडलेलं, एजन्सी बुडालेली आणि मी बायकोसमोर उभा असं सगळं एकदम दिसलं.

आक्कांनी थप्पीला पायानं आडवं पाडलं. "हासताय काय पाव्हणं? धरा त्या टोकाला. हिकडनं आमी धरतो. बघू कुनाच्यात दम हाय."

माणच्या माणसाला एवढं पुरतं. काकांनी तुरा सोडून फेटा पुतण्याकडे दिला आणि खालच्या खुर्चीचे पाय धरले. त्यांच्या कमरेला दुसरा, त्याच्या कमरेला तिसरा. इकडून वरच्या खुर्चीची पाठ मुलीच्या मामानं धरली, त्याच्यामागे निम्मी आळी. मिलिंद मधोमध उभा राहून रस्सीखेचीच्या पंचासारखा हात वर करून थांबला. मी, अर्थात, समालोचन केलं. त्याशिवाय माझा तिथे काही उपयोग नव्हता.

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला खुर्च्या कुरकुरल्या. तिसऱ्याला एक मोठा आवाज झाला, बाटलीचं बूच उडावं तसा, आणि दोन्ही पक्ष एकाच वेळी पाठीवर पडले. मामांच्या हातात एक खुर्ची होती. मोकळी, एकटी, सुंदर.

मग कुणाला थांबवायची सोय राहिली नाही. बातमी शाळेत गेली आणि उरलेलं वऱ्हाड धावत आलं. दहा थप्प्या, दहा ठिकाणी ओढाओढ. बँडवाल्यांनी आपणहून ताल धरला आणि दर सुटलेल्या खुर्चीला ढोल वाजायला लागला. नवरदेवालाही यायचं होतं, पण त्याला हळद लागलेली म्हणून धरून ठेवलं. खिडकीतून तो जोरजोरात सूचना देत होता, असं मागून कळलं. सकाळी एकमेकांकडे आखडून बघणारे दोन्हीकडचे लोक आता एकमेकांच्या अंगावरची माती झटकत होते. मिलिंद मला म्हणाला, "आमच्यात दाजी, लगीन सोपं असतंय. वंदना झाली की जेवाण. पर ही मजा न्हाई."

शंभर खुर्च्या ओळीनं मांडल्या गेल्या. काहींचे हात तेलकट होते, एखादीचा पाय जरा बाहेर गेला होता, पण सगळ्या उभ्या होत्या. चंद्रूनं रुमालानं प्रत्येक पुसली. मांडव असा दिसत होता की मंडपवाल्यांच्या घड्या सुटल्या. आक्कांनी वऱ्हाडाला आत घेतलं.

सगळ्यांत पुढे तात्या आले. तात्या म्हणजे नवरदेवाचे आजोबा, त्या घरातले सगळ्यांत थोरले, एके काळचे गाजलेले पैलवान. वय झालं होतं, पण आकार होता तसाच राहिला होता. दारातून ते तिरके होऊन आले. पहिल्या ओळीपर्यंत चालत गेले, मधल्या मानाच्या खुर्चीशी थांबले, आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुण्यात असं झालं असतं तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. थोरला माणूस खाली बसलेला असताना धाकट्यानं वर बसायचं, हे त्या वऱ्हाडात अशक्य होतं. म्हणून काका खाली बसले. काका बसले म्हणून सगळं माण खाली बसलं. आणि मुलाकडची मंडळी जमिनीवर असताना मुलीकडच्यांनी खुर्चीवर बसणं म्हणजे तर भांडणच, म्हणून तेही बसले. दोन मिनिटांत तो सगळा मांडव जमिनीवर होता, आणि मधे शंभर खुर्च्या ओळीनं रिकाम्या. लग्न खुर्च्यांचं आहे आणि माणसं बघायला आली आहेत, असं दृश्य.

आक्का तात्यांच्या विनवण्या करून आल्या. वर बसलं की पोटात जेवण उतरत नाही, असं तात्यांचं म्हणणं होतं, आणि ते बदलण्यासारखं नव्हतं. मंडपवाले आता तोंड लपवून हसत होते. चंद्रू खांबाला टेकून खाली खाली घसरत शेवटी स्वतःच जमिनीवर आला. भटजींनी अंतरपाट मागवला. मुहूर्त जवळ आला होता.

मी माझा कुर्ता ठीक केला आणि तात्यांसमोर जाऊन गुडघे टेकले. सावकाराच्या भूमिकेत माझा एक आवाज असतो, अत्यंत नम्र आणि अत्यंत अपमानकारक. तो काढला.

"तात्या, तुम्ही खाली बसलात, फार उपकार झाले. मी कंपनीच्या वतीनं आभार मानायला आलो."

तात्यांनी मान वळवली. "का वो?"

"कंपनीनं सांगून ठेवलंय, पैलवान माणसाला बसू द्यायचं नाही. ही खुर्ची शहरातल्या माणसांच्या बेतानं केलीय. तुमचं वजन तिला झेपायचं नाही. उगाच तुम्ही पडायचात."

मागून चंद्रूनं माझा कुर्ता धरून ओढला. तेल लागलेली, ताणलेली, दिवसभर पेट्यांखाली दबलेली ती खुर्ची. तात्या त्यावर बसले आणि ती मोडली, तर जमिनीवरच्या लग्नापेक्षा ते वाईट.

"कुठल्या कंपनीनं सांगितलं?" तात्या म्हणाले.

"पुण्याच्या."

तात्या उठले. ते उठताना गुडघ्यांचा आवाज मागच्या ओळीपर्यंत गेला. त्यांनी खुर्चीकडे, आखाड्यात समोरच्याकडे बघावं तसं बघितलं, मांडीवर एक थाप मारली आणि बसले. नुसते बसले नाहीत, मुद्दाम बसले. खुर्चीचे चारही पाय चार दिशांना निघाले. प्लॅस्टिकनं एक लांब सूर काढला. चंद्रूनं माझ्या पाठीत तोंड खुपसलं. पाय थांबले. तात्या एकदा डावीकडे डुलले, एकदा उजवीकडे.

"सांगा तुमच्या कंपनीला," ते म्हणाले, आणि मागे वळून वऱ्हाडावर ओरडले, "बसा की रं वर. भ्याताय काय?"

खुर्च्या सरकवल्याचा जो आवाज झाला, तसा आवाज मी नाट्यगृहात पडदा पडल्यावरही ऐकलेला नाही. सगळं माण वर, सगळं वडूज वर. आक्कांनी पदरानं डोळे पुसले. अण्णांनी कोपऱ्यातली सुतळी खाली ठेवली आणि तेही एका खुर्चीवर बसून बघू लागले.

मंगलाष्टकं सुरू झाली. सावधान म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले. तात्याही उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मधे ते असे घट्ट बसले होते की ती आता त्यांचीच होती. कुणाची हसायची हिंमत झाली नाही. तात्यांनाही काही वाटलं नाही. ते शेवटच्या कडव्यापर्यंत पाठीला खुर्ची घेऊन ताठ उभे राहिले आणि शांतपणे अक्षता टाकत राहिले. भटजींचा मात्र एका जागी सूर चुकला आणि त्यांनी खोकला आल्याचं सोंग केलं.

जेवणाच्या पंगतीत लापशी, वांग्याची भाजी, आमटी-भात. तात्यांनी खुर्चीवर बसूनच जेवण केलं आणि तिसऱ्यांदा लापशी मागताना सांगितलं की उतरतंय, पोटात चांगलं उतरतंय. काकांनी आणि मिलिंदनं त्यांना खुर्चीतून काढायचा एकदा प्रयत्न केला. तात्यांनी हात झटकले. "ऱ्हाऊ द्या. घरी गेल्यावर बघू."

वऱ्हाड निघालं तेव्हा चंद्रू आक्कांसमोर जाऊन उभा राहिला. एक खुर्ची कमी पडतेय, ती मी भरून देतो, पुढच्या फेरीला पहिली तीच आणतो, असं काहीबाही तो बोलत होता.

"कमी कुठं पडली?" आक्का म्हणाल्या. "वाजत-गाजत गेली."

त्याच्यामागे तोपर्यंत मंडपवाले येऊन उभे राहिले होते. सकाळी सतरंज्या पाठवू का म्हणणारा सगळ्यांत पुढे. दीडशे पाहिजेत, म्हणाला, पण उन्हात बांधून आणू नका. दुसऱ्याला पैलवानी माप असेल तर ते हवं होतं. चंद्रूनं दोन्ही पेनं काढली.

वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये पुढे नवरा-नवरी बसले, मागे हौद्यात सामान, बायका, पितळेची भांडी आणि त्या सगळ्यांच्या मधे, खुर्चीसकट, तात्या. बँड पुढे लागला. ट्रक बाजारपेठेतून वळणाकडे निघाला तेव्हा नवरी रडत होती, नवरदेव तिच्याकडे बघत होता, आणि उरलेलं सगळं वडूज तात्यांच्या खुर्चीकडे.